सोमवारची सायकल

रविवारी घट्ट कपडे घालून, लाखभराच्या सायकलवर आरे-वारेचा चढ चढणं म्हणजे फिटनेस. त्याला टी-शर्ट आणि पदकही मिळतं. सोमवारी तोच माणूस कॅरियरला डबा बांधून पावसहून रत्नागिरीला, वीसेक किलोमीटर, कामावर निघाला की भाट्याच्या पुलावरच चौकशी सुरू: "काय हो, गाडी विकलीत?" त्यातून मध्ये काही वर्षं मोटारीची सवय करून पुन्हा सायकलवर आला असेल, तर विचारतही नाहीत. नुसते हळहळतात. वाटेतला गोळपचा चढ पायांना महिन्याभरात जमेल. ही सहानुभूती पचणं कठीण. (पावसाळ्यात ती दुप्पट होते.) ऑफिसात सायकल स्टँड आहे म्हणा. तिथे साहेबांची गाडी असते, सावली बरी पडते म्हणून.