टेस्टिंग, एक, दोन, तीन

आमचे साडू डोंबिवलीला असतात. रेल्वेत 31 वर्षं टीसी होते. निवृत्त झाल्याझाल्या त्यांनी जाहीर केलं, की आता आपल्या आठवणींचा पॉडकास्ट काढणार. त्याला 14 महिने झाले. पहिला भाग अजून यायचाय, कारण रेकॉर्डिंग कुठल्या सॉफ्टवेअरवर करायचं हे ठरायचंय.

एकदा ठरलं होतं तसं. ऑडॅसिटी. फुकट, कामाला चोख, 1999 साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात जन्मलेलं. पण उतरवून घेतलं त्याच रात्री साडूंच्या वाचनात आलं, की 2021 मध्ये त्याचा मालक बदलला आणि ते वापरणाऱ्याची माहिती गोळा करणार म्हणून बोंबाबोंब झाली होती.

"म्हणजे मी इथे काय बोलतो ते त्यांना कळणार?"

"अहो, पॉडकास्ट तुम्ही जगाला ऐकवायलाच काढताय ना?"

विदाउट तिकीट सापडलेल्या प्रवाशाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मग आलं रीपर. विनॅम्प काढणाऱ्या जस्टिन फ्रँकेलचं. 60 दिवस फुकट वापरा, पुढे घरगुती वापराला 60 डॉलर भरा. न भरले तरी ते बंद पडत नाही, उघडताना नुसती आठवण करून देतं. झालं! फुकट्याला टीसीने हात जोडून सीटवर बसवायचं, हे साडूंच्या तत्त्वात बसेना. साठाव्या दिवशी त्यांनी ते स्वतःच्या हाताने उतरवलं. पैसे भरायचं मात्र त्यांना सुचलं नाही. ॲडोबी ऑडिशनला दरमहा पास काढावा लागतो आणि गॅरेजबँड ॲपलखेरीज चालत नाही, म्हणून दोन्ही बाद. मध्ये सँपल रेट 44.1 ठेवायचा की 48, यात अख्खा श्रावण गेला. पहिला सीडीचा, दुसरा व्हिडिओचा. टीसीच्या आठवणी कशात मोडतात हे कोणी सांगेना.

खरं तर चहा पिताना हा माणूस कसाऱ्याच्या गाडीतल्या बोकडाचा किस्सा असा सांगतो, की कप हातात तसाच राहतो. पण तेव्हा माइक खोक्यात असतो. माइकसमोर बसले, की तोंडाला चहाची गाळणी लावतात ('प' आणि 'भ' आदळू नयेत म्हणून) आणि म्हणतात, "टेस्टिंग, एक, दोन, तीन." पुढे काही नाही. 'तीन'ला रेकॉर्डिंग बंद.

अशा 217 फायली आहेत. दर रविवारी आम्हाला जेवायला बोलावून त्यातल्या ते ऐकवतात. "ही 16 बिट. आता ही 24. तळातली खरखर ऐका."

आम्ही ऐकतो ते मागचं. त्यांची माइकची वेळ आणि पोळीवाल्या मावशींची वेळ एकच. 38 नंबरच्या फाइलमध्ये मावशी ताईंना सांगतात, लेक माहेरी आलीय. 52 मध्ये कुकरची शिट्टी, आणि सासूने पाटल्या काढून घेतल्या. 91 मध्ये जावई येऊन दारात उभा. आमच्या सौ.ने तर आठवड्यातून दोनदा यायची तयारी दाखवली. साडूंना वाटलं, मेहुणीला ध्वनिशास्त्राची गोडी लागली.

परवा आम्ही 216 वर होतो. साडू म्हणाले, "टेस्टिंग," आणि मागून मावशी, "म्हटलं जावईबापू, बसा. आधी पाटल्यांचं बोला." "एक." "तर तो म्हणतो कसा..." "दोन. तीन." खट्.

"217 लावा," सौ. म्हणाली.

साडू खुलले. "आता ऐकाच. नवीन सॉफ्टवेअर आहे, एआयवालं. फॅनची घरघर सगळेच काढतात. हे माइकवाल्याचा आवाज तेवढा ठेवतं, बाकी साफ!"

फाइल लागली. टेस्टिंग. एक. दोन. तीन. विहिरीच्या तळाशी बसून बोलावं इतकी शांतता.

"फरक कळला?"

"कळला," सौ. म्हणाली. "मूळची फाइल कुठाय?"

"पुसली. उगाच कशाला जागा अडवायची?"

सौ. उठली आणि तडक स्वयंपाकघरात गेली. तिथून ताईंचा आवाज आला, "मावशी? अगं, त्या महिनाभर गावी गेल्यात."