पक्षिलेखक आणि त्याची नोंद

पक्ष्यांचा अभ्यास करणारा आणि पक्ष्यांविषयी लिहिणारा ही दोन माणसे महाराष्ट्रात बहुधा एकाच देहात नांदतात, आणि त्या देहावर हिवाळ्यातल्या रविवारी मातकट रंगाचे, दहा-बारा खिशांचे जाकीट चढलेले असते. हा रंग पक्ष्यांच्या नजरेत भरू नये म्हणून निवडलेला असला, तरी खिशातल्या वेफर्सच्या पुड्याची कुरकुर आणि सोबत्यांना दर दोन मिनिटांनी दिलेली शांततेची खणखणीत ताकीद यांमुळे माणूस आल्याची वर्दी टिटवीला दुरूनच मिळते, आणि टिटवी ती साऱ्या पाणथळीला देते.

या वर्गाचा सर्वोच्च आनंद ‘लाइफर’ या संज्ञेत सामावलेला आहे. एखाद्याला आयुष्यात प्रथमच दिसलेली पक्ष्याची जाती म्हणजे त्याचा लाइफर. आणि लाइफरांची एकूण संख्या ही या वर्तुळात पगाराच्या आकड्यासारखी असते, म्हणजे ती कोणी उघड विचारत नाही, पण सर्वांना ठाऊक असते. संख्येच्या या मोहाची खरी परीक्षा पर्णवटवट्यांपुढे होते. हे हिवाळी पाहुणे चिमणीहून लहान, हिरवट-तपकिरी आणि एका फांदीवर क्षणभरही न टिकणारे असून त्यांच्या जाती पंखावरची फिकट पट्टी, भुवई आणि आवाजातला सूक्ष्म फरक यांवरून ओळखाव्या लागतात; त्यामुळे दोन जाणकार एका बाभळीखाली उभे राहिले की पट्टी एक होती की दोन, यावर अर्धा तास खडाजंगी होते, आणि वादाचा विषय पहिल्या मिनिटातच उडून गेलेला असतो. ‘जाती ओळखता आली नाही’ ही शास्त्राच्या दृष्टीने मोलाची नोंद होय. पण ती लिहिताना पक्षिलेखकाचा हात जड होतो.

विशेषणे लिहिताना मात्र तोच हात सैल सुटतो. सालिम अलींनी १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या भारतीय पक्ष्यांवरील पुस्तकात मोजक्या वाक्यांत पक्षी उभा केला. मारुती चितमपल्लींनी वनखात्यातल्या नोकरीची अनेक वर्षे रानात काढली आणि आदिवासींकडून रान शिकून घेतले. त्यांच्या अनुयायांनी यांतले रान तेवढे वगळून शैली उचलली, म्हणून आजच्या लेखांत प्रत्येक पहाट सोनेरी असते आणि प्रत्येक खंड्या एकाग्र योगी असतो.

या गद्याचा कळस भिगवणच्या लेखांत आढळतो. उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब येतात, आणि एरवी मासेमारी करणारी मंडळी पाहुण्यांना नावेतून ते दाखवतात. नावाडी पाण्यावरच्या एका ठिपक्याकडे बघतो, वल्हे थांबवतो, कोणता पक्षी ते सांगतो आणि उन्हाची दिशा पाहून नाव वळवतो. पक्षिलेखक तोवर दुर्बिणीचे झाकण शोधत असतो, जे दुर्बिणीवरच असते. लेखात मात्र ‘अवचित आमच्या दृष्टीस पडला’ असे वाक्य येते, आणि नावाडी कुठे आलाच तर शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, ‘स्थानिक’ या नावाने येतो.

दुसऱ्याचे पाहणे आपल्या नावावर लिहिण्याच्या या हौसेची परिसीमा गाठली ती रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश कर्नलाने. पक्षिसंग्रहात वाळवून जतन केलेल्या प्रत्येक कातड्याला ठिकाण, तारीख आणि संग्राहकाचे नाव लिहिलेली चिठ्ठी बांधलेली असते, आणि त्या चिठ्ठीवाचून कातड्याला शास्त्रीय मोल उरत नाही. जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने १८८०च्या दशकात खानदेशात मिळवलेला रानपिंगळ्याचा, म्हणजे दिवसा वावरणाऱ्या एका दुर्मीळ लहान घुबडाचा, नमुना कर्नलसाहेबांनी लंडनच्या संग्रहालयातून लांबवला आणि त्यावर आपले नाव, गुजरातेतले मांडवी व १९१४ हे साल घातले. ती त्या पक्ष्याची शेवटची नोंद ठरली, आणि नंतरचे शोध या खोट्या पत्त्यामुळे भरकटले. पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघड केली; मग मांडवी वगळून जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या ठिकाणी त्यांनी बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांच्यासह शोध घेतला, तेव्हा नोव्हेंबर १९९७मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा भरदिवसा झाडावर बसलेला दिसला.

तेव्हा यंदा भिगवणला जाणाऱ्या पक्षिलेखकांनी परतताना नावाड्याला त्याचे पूर्ण नाव विचारावे, आणि त्याची हरकत नसल्यास ते लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात घालावे. जागा कमी पडल्यास सोनेरी पहाट गाळावी.