अकरा महिन्यांचं स्थळ

मंदीतली कंत्राटी नोकरीची मुलाखत म्हणजे कांदेपोह्यांचा कार्यक्रम. फक्त पोहे नसतात. परवा हिंजवडीत एका जागेसाठी आम्ही चाळीस जण ताटकळत होतो. पाण्याचा जार एक, तोही रिकामा.

साहेबांचा पहिला प्रश्न, ‘पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?’ करार ११ महिन्यांचा, मग एक महिना घरी, मग पुन्हा अर्ज. म्हटलं, ‘याच खुर्चीत, सहाव्यांदा मुलाखत देताना.’ कुणी हसलं नाही. मग निष्ठेची चौकशी झाली. ती माझ्याकडून बेमुदत हवी होती. पगाराचा विषय काढताच ‘मार्केट डाऊन आहे’ असं कळलं. मधल्या एजन्सीचं कमिशन तेवढं धडधाकट होतं.

आपल्याकडे १९७० साली ‘कंत्राटी कामगार (नियमन व निर्मूलन) अधिनियम’ झाला. त्यातलं निर्मूलन कुणाचं, हे बहुधा कंसात असल्यामुळे नीट वाचलं गेलं नसावं. कायम नोकरीचं मात्र व्यवस्थित झालं.

निघताना विचारलं, ‘रुजू कधी व्हाल?’

‘आत्ता.’

साहेब सावध झाले. ‘इतके दिवस मोकळे कसे राहिलात?’