ॲव्हरेजराव

पेट्रोल पंपावर गाडी वळवणं म्हणजे शरण जाणं, असं मानणारी एक जमात आपल्याकडे आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात तिची पैदास जरा जास्तच. आमच्या कॅम्प चारमधल्या सोसायटीत या जमातीचा जो अस्सल नमुना राहतो, त्याला सगळे ॲव्हरेजराव म्हणतात. कोणाची नवी गाडी दारात आली की अजून हार सुकलेला नसतो, चाकाखालचं लिंबू फुटायचं असतं, आणि हे गृहस्थ बॉनेटवर हात ठेवून विचारतात, "ॲव्हरेज किती देते?" समोरच्याने पंधरा म्हटलं तर यांच्या चेहऱ्यावर दुखवट्याला आल्याचा भाव उमटतो. अठरा म्हटलं तर "कंपनी सांगते की तुम्ही काढलंय?" बावीसच्या वर कोणी गेलं तर ते त्याला सरळ खोटं पाडतात, कारण बावीसच्या वरचा प्रदेश त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवलेला आहे.

कंजूष म्हणाल तर तसं मुळीच नाही. गणपतीच्या वर्गणीत त्यांचा आकडा सगळ्यांत मोठा असतो, आणि हॉटेलात बिल आलं की त्यांचा हात सगळ्यांच्या आधी खिशात जातो. त्यांचं दुखणं वेगळंच आहे. एखादी गोष्ट पुरती संपायच्या आत ती पुन्हा भरायची, हा त्यांना स्वतःचा अपमान वाटतो. घरातला दुसरा सिलिंडर जोडला जातो तो पहिल्यावरची पोळी अर्धकच्ची राहिल्यावर, आणि त्याआधी पहिल्याला हलवून, तिरपा करून, त्याची दोनदा उलटतपासणी झालेली असते. टूथपेस्टच्या नळीवरून लाटणं फिरतं. फोन दोन टक्क्यांवर आल्याशिवाय चार्जरला लागत नाही. लोकलचा पास शेवटच्या तारखेला, आणि तोही रांगेत उभं राहून "आजचा दिवस धरून ना?" असं विचारत निघतो.

यात थोडा दोष मध्य रेल्वेकडेही जातो, असं माझं मत आहे. विठ्ठलवाडीच्या पुलावरून पळत येऊन सुटलेली गाडी पकडायची, आणि पकडता येते हे रोज सिद्ध होत राहायचं. अशी तीस वर्षं काढलेल्या माणसाला 'आता उशीर झाला' हे वाक्य पटणार कसं? त्याच्या हिशेबी अजून अर्धं मिनिट असतंच.

उरलेला दोष चेतकचा. त्यांच्या पिढीचं सगळं इंधनशास्त्र बजाजच्या स्कूटरवर झालेलं. त्या स्कूटरला पेट्रोलचा एक कॉक असायचा: चालू, बंद आणि रिझर्व्ह. पेट्रोल संपलं की खाली हात घालून कॉक रिझर्व्हला फिरवायचा. रिझर्व्हही संपलं की स्कूटर रस्त्याच्या कडेला आडवी करायची, बायकोने पिशवी आणि मूल धरून बाजूला उभं राहायचं, टाकीच्या कोपऱ्यातलं उरलंसुरलं पेट्रोल कार्ब्युरेटरकडे उतरलं की किक मारायची. स्कूटर सुरू व्हायची! ॲव्हरेजरावांच्या मनावर त्या क्षणाने जो संस्कार केला तो आजही पुसला गेलेला नाही: संपलं म्हणजे संपलं नसतं, नुसतं तिरकं करावं लागतं.

त्यांनी कधी टाकी फुल केल्याचं कोणी पाहिलेलं नाही. पंपावर गेलेच तर "पाचशे दहाचं" टाकतात. पाचशेचं नाही, कारण गोल आकड्यांवर मशीन सेट केलेली असते, हा त्यांचा सिद्धांत. "झिरो बघा" असं पंपावरचा पोरगा म्हणायच्या आत हे दरवाजा उघडून झिरोसमोर उभे.

अशा माणसाच्या हाती हायब्रिड गाडी लागली.

२०२२ साली मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची हायरायडर या जुळ्या बहिणी बाजारात आल्या आणि त्यांच्या स्ट्राँग हायब्रिडचा आकडा जाहीर झाला: लिटरला २७.९७ किलोमीटर. त्या रात्री ॲव्हरेजरावांना झोप लागली नाही. पंचेचाळीस लिटरची टाकी गुणिले २७.९७ म्हणजे साडेबाराशे किलोमीटर. म्हणजे इथून समृद्धीने नागपूर, आणि तीच टाकी घेऊन परत थेट संभाजीनगर! हा आकडा पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेतला, तिथे गाडी रोलरवर जागच्या जागी धावते आणि त्या रोलरवर आमचा श्रीराम चौक येत नाही, एवढं मी सुचवून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे दुर्लक्ष केलं. वर्षभरात त्यांनी त्या जातीची एक गाडी घेतली. कोणती ते सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात गाडीचा काही गुन्हा नव्हता.

गाडी खरंच गुणी होती. सिग्नलला इंजिन बंद, गर्दीत हळूहळू सरकताना नुसती मोटर, ब्रेक मारला की वाया जाणाऱ्या वेगाची वीज होऊन बॅटरीत जमा. ब्रेक मारल्यावरही काहीतरी परत मिळतं, हे कळल्यापासून ॲव्हरेजराव विनाकारण ब्रेक मारू लागले. सेक्शन सतराच्या चौकात, जिथे इतर लोक वाहतुकीला शिव्या देतात, तिथे हे प्रसन्न मुद्रेने डॅशबोर्डवरचे हिरवे बाण बघत बसायचे. स्वतः काढलेलं ॲव्हरेज तेवीस भरलं. त्यांनी पेढे वाटले.

पण त्यांच्या डोक्यात एक गैरसमज मूळ धरून बसला, आणि तो या जमातीत फार पसरलेला आहे म्हणून सांगतो. त्यांना वाटलं, गाडीत दोन इंधनं आहेत. एक पेट्रोल आणि एक वीज. पेट्रोल संपलं की वीज. थोडक्यात, कंपनीने त्यांच्यासाठी खास मोठा रिझर्व्ह दिला आहे.

सरकारचा असा गैरसमज नव्हता. विजेच्या गाडीला पाच टक्के जीएसटी, हिरवी नंबर प्लेट. यांच्या गाडीला तेव्हा सेस धरून त्रेचाळीस टक्के आणि प्लेट पांढरी. ही पेट्रोलची गाडी आहे, हे दिल्लीपासून आरटीओपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त तिच्या मालकाला नव्हतं.

अशा गाडीला बाहेरून चार्जिंगची पिनच नसते. बॅटरीत येणारी वीज एक तर इंजिन तयार करतं, नाहीतर ब्रेक. आणि ब्रेक मारायला जो वेग लागतो तोही पेट्रोलनेच आणलेला. बॅटरी तरी केवढी? ०.७६ किलोवॉट-तास. महावितरणच्या मीटरवर पाऊण युनिट! ॲव्हरेजरावांच्या बाथरूममधला गीझर एवढी वीज पंचवीस मिनिटांत पिऊन टाकतो. त्यातही गाडी ती बॅटरी पूर्ण रिकामी होऊ देत नाही, मधला थोडाच भाग वापरते. म्हणजे पेट्रोल संपल्यावर हातात उरतात सपाट रस्त्यावरचे फार तर एक-दोन किलोमीटर.

हे त्यांना कोणी सांगायला गेलं तर ते हसायचे. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी हिट अँड रनच्या नव्या कलमाविरुद्ध संप केला आणि पंपांवर रस्ताभर रांगा लागल्या, तेव्हा यांच्या गाडीचा पेट्रोलचा दिवा पेटलेला होता आणि हे गॅलरीत उभे राहून रांग बघत चहा पीत होते. "आपल्याला काय," म्हणाले, "आपली विजेवर पण चालते." संप दोन दिवसांत मिटला, त्यामुळे सिद्धांत तपासला गेला नाही.

तो तपासला गेला मे महिन्यात. वाशीहून त्यांच्या मामेसासऱ्यांना घेऊन बदलापूरला साखरपुड्याला जायचं होतं. मागच्या सीटवर मामा, वहिनी आणि मी. पुढे ॲव्हरेजराव आणि शेजारच्या सीटवर रुखवताचं ताट. दिवा आदल्या दिवसापासून पेटलेलाच होता. वाशीत पंप गेला, महापेला गेला, प्रत्येक पंपाशी वहिनींनी घसा खाकरला. शिळफाट्याला नेहमीची कोंडी. एसी अठरावर, कारण मामांना उकडत होतं. 'अजून इतके किलोमीटर जाईल' म्हणून जो आकडा डॅशबोर्डवर असतो, त्याच्या जागी तीन आडव्या रेघा आल्या.

"हे काय हो?" मामांनी विचारलं.

"आकडा मावत नाहीये," ॲव्हरेजराव म्हणाले.

काटई सोडून पाईपलाईन रोडला लागलो. खोणी मागे पडली आणि इंजिनाने एक आचका दिला, मग दुसरा, मग ते गप्प झालं. गाडी मात्र चालतच राहिली. ॲव्हरेजरावांनी स्टिअरिंगवरचे दोन्ही हात उचलले, जिंकलेल्या पैलवानासारखे. काच खाली केली. "ऐका! काही ऐकू येतंय? पेट्रोल शून्य, आणि गाडी चालतेय!" खरंच चालत होती. मामांनी टाळ्या वाजवल्या. डॅशबोर्डवर कसलासा लाल मजकूर आला होता, तो वाचायला ॲव्हरेजरावांना चष्मा लागतो आणि चष्मा वहिनींच्या पर्समध्ये होता. त्याच वेळी अठरावरचा एसी त्याच पाऊण युनिटातून आपला वाटा ओढत होता, कारण अशा गाडीत एसीचा कॉम्प्रेसरही त्याच बॅटरीवर चालतो.

नेवाळी नाक्याच्या अलीकडे गाडी हळू झाली, अजून हळू झाली आणि एका रसवंतीसमोर थांबली.

इथे शहाणा माणूस गप्प बसला असता. ॲव्हरेजरावांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. थोडं थांबून, तिला बेसावध गाठल्यासारखं, तिसऱ्यांदा दाबलं. मग खाली उतरून गाडीकडे तिरक्या नजरेने पाहिलं. माझ्या मनात तेच आलं जे त्यांच्या मनात आलं असणार. पण हे धूड आडवं कोण करणार?

एक रिक्षावाला थांबला. तरुण पोरगा, गॉगल, पुढच्या काचेवर मलंगगडाचं स्टिकर.

"काय काका, पेट्रोल?"

"पेट्रोल नाही रे, हायब्रिड आहे."

"म्हणजे?"

"पेट्रोल आणि वीज, दोन्ही."

"मग दोन्ही संपलं?"

याचं उत्तर ॲव्हरेजरावांकडे नव्हतं. पोरगा म्हणाला, "आमची बरी. सीएनजी संपला की पेट्रोलवर टाकायची. टाक्या वेगळ्या, भरायच्या वेगळ्या." ॲव्हरेजरावांना आयुष्यभर जी गाडी हवी होती ती शोरूममध्ये नव्हती, ती रिक्षा स्टँडवर होती.

"तुमचं म्हणजे," वहिनी शांतपणे म्हणाल्या, "माझ्या डाळीच्या डब्यातल्या पैशांसारखं झालं. तुमच्याच पगारातून बाजूला काढलेले. पगार थांबला की डबा किती दिवस पुरणार?" हायब्रिडचं इतकं नेमकं वर्णन मी मालकाच्या पुस्तिकेतही वाचलेलं नाही.

पुढचा पंप बाटलीत पेट्रोल देईना. तशी पाटीच होती. शेवटी रिक्षावाल्याने आपल्या छोट्या टाकीतून लिटरभर काढून दिलं. ते ओतलं, बटण दाबलं, गाडी ढिम्म. कारण या गाडीत इंजिनाला जाग आणणारा जुना स्टार्टर नसतोच; ते काम तीच बॅटरी एका मोटरकरवी करते. तिला शेवटच्या थेंबापर्यंत पळवून आणि वर तीनदा बटण दाबून यांनी पिळून ठेवलं होतं. आता टाकीत पेट्रोल होतं, पण ते पेटवायला वीज नव्हती.

नाक्यावरचा मेकॅनिक आला. उल्हासनगर परिसरातला मेकॅनिक म्हणजे बंद पडलेलं विमानही "बघतो" म्हणणारा. त्याने बॉनेट उघडलं, आतल्या जाडजूड नारिंगी तारा पाहिल्या, आणि दोन पावलं मागे सरून हात जोडले. "साहेब, यात वीज जोरात असते. हात लावणार नाही." जाता जाता फुकटचा सल्ला देऊन गेला: पेट्रोलचा पंप टाकीत पेट्रोलात बुडून थंड राहतो, टाकी कोरडी ठेवाल तर एक दिवस तोही जाईल. ओढूनही नेता येईना, कारण पुढची चाकं जमिनीवर फिरली की मोटरही फिरते आणि वीज तयार करते. गाडी आख्खी उचलून, फ्लॅटबेडवर चढवूनच न्यावी लागली.

साखरपुड्याला आम्ही त्याच रिक्षेतून पोचलो, रुखवताचं ताट रिक्षावाल्याच्या शेजारी ठेवून. अंगठ्या घालून झाल्या होत्या, जेवणं उरकत आली होती. मामा सगळ्यांना सांगत होते, "पेट्रोलशिवाय चालते हो यांची गाडी, मी स्वतः बसलोय." ते खोटं नव्हतं.

बॅटरी पुन्हा भरून घेतली, पंप सुदैवाने वाचला, बिल आलं. बिलापेक्षा टोईंगचा आकडा ॲव्हरेजरावांना जास्त लागेल असं मला वाटलं होतं. पण चौथ्या दिवशी जिन्यात भेटले तेव्हा चेहरा उजळलेला. त्यांनी हिशेब मांडला होता: गाडी फ्लॅटबेडवर नेवाळीहून जितके किलोमीटर गेली, तितक्यात पेट्रोल लागलं शून्य. कितीही किलोमीटर भागिले शून्य. "म्हणजे त्या दिवसाचं ॲव्हरेज अनंत!"

सुधारलेत म्हणाल तर नाही. आता गाडी विकायची म्हणतात, कारण पूर्ण विजेची घ्यायची आहे, आणि तिची रेंज कंपनी सांगते त्याहून पन्नास किलोमीटर जास्त निघते असं त्यांच्या कानावर आलं आहे. सोसायटीच्या ग्रुपवर जाहिरात पडली आहे: फर्स्ट ओनर, जपून वापरलेली, ॲव्हरेज २३ स्वतः काढलेलं, पेट्रोल घेणाऱ्याने आपलं आपण टाकून घ्यावं. कोणाला हवी असेल तर कॅम्प चारला येऊन बघा. येताना बरोबर दोन धट्टीकट्टी माणसं आणा. जवळचा पंप चढावर आहे.