किल्ली सापडली

पाचपट मोठं करून किड्याचा फोटो काढायला गेलं की एका वेळी जेमतेम 0.05 मिलीमीटरचा थर फोकसमध्ये येतो. डोळा नीट आला तर मिशा धुक्यात. त्यावर उपाय असा, की कॅमेरा रेलवर बसवायचा, रेलचा स्क्रू केसभर फिरवायचा, फोटो घ्यायचा. पुन्हा केसभर, पुन्हा फोटो. मग सॉफ्टवेअर प्रत्येक फोटोतला स्पष्ट भाग तेवढा वेचून त्यांचा एक फोटो करतं. याला फोकस स्टॅकिंग म्हणतात. किड्याने तोवर हलायचं नाही, एवढीच अट. ती किड्यापर्यंत पोचवायची कुणी, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी या नादाला लागलो यूसुफ अल हबशी यांच्यामुळे. अबू धाबीच्या या गृहस्थांनी 2018 साली निकॉनच्या ‘स्मॉल वर्ल्ड’ स्पर्धेत पहिला नंबर पटकावला. फिलिपीन्समधल्या एका भुंग्याचा डोळा आणि भोवतीचे झळझळीत हिरवे खवले. 128 फोटो जोडून केलेला तो एक फोटो. अबू धाबी आमच्या शारजापासून दोनेक तासांवर. इतक्या जवळच्या माणसाला जमतं तर आपल्याला का नाही? त्यांचा भुंगा मायक्रोस्कोपखाली होता आणि माझे किडे जिवंत, मोकळे आणि आपापल्या कामात असणार होते, हा फरक तेव्हा किरकोळ वाटला.

सुरुवात ऑगस्टात केली. एसीच्या गाडीतून बाहेर काढली की लेन्सला घाम फुटायचा. ती पुसेपर्यंत मला. शेवटी थंडीची वाट बघत बसलो. फ्लॅशने किड्याच्या चकचकीत पाठीवर पांढरे डाग पडतात, म्हणून मधल्या काळात चिप्सचा रिकामा डबा कापून, त्याला ट्रेसिंग पेपर लावून डिफ्यूजर केला. बायको म्हणाली, “अहो, शेवटी डबाच लावायचा होता, तर लेन्सवर एवढे दिरहम कशाला घातलेत?”

जानेवारीतल्या एका शनिवारी पहाटे आम्ही अल कुद्राच्या वाळवंटात गेलो. रात्री मुक्कामाला आलेली कुटुंबं तंबूंबाहेर चहा उकळत होती. बायको गाडीत हीटर लावून बसली. मी गाफच्या झाडाखाली शोध घेतला (गाफ म्हणजे आपली शमी, इथला राष्ट्रीय वृक्ष), आणि मला एरेमियाफिला दिसला. हा वाळवंटी प्रार्थनाकीटक. रंगाने वाळूतला खडा, बांधा बुटका, पंख नावापुरते. आपण दगडच आहोत अशी याची ठाम समजूत असल्याने संकट आलं की तो पळण्याआधी थिजून बघतो. वर थंडीने गारठलेला. माझ्यासारख्यासाठीच घडवलेला किडा!

पाचपटीला लेन्स किड्यापासून चार सेंटिमीटरवर न्यावी लागते. रेल बासमतीच्या पिशवीवर टेकवली आणि मी पालथा पडलो. पोट मध्ये आल्यामुळे डोकं आणि पाय दोन्ही अधांतरी राहिले. रिमोट मुठीत धरला. श्वास रोखला. स्क्रू, फोटो. स्क्रू, फोटो. डोळ्यांवरचे बारीक ठिपके एकेक करून स्पष्ट होत गेले.

“भाईसाब, क्या गुम हुआ?”

मान वर केली. लेन्सच्या दिशेला एक तंबू होता, तंबूत बायकामुलं होती आणि इथे परवानगीशिवाय कुणाचा फोटो काढणं गुन्हा आहे. हे सगळं एकदम ध्यानात आलं आणि प्रार्थनाकीटकाला हिंदीत काय म्हणतात ते आठवेना.

“चाबी,” मी म्हणालो.

परदेशात माणसं मदतीला किती धावतात याचा अनुभव मला नेमका त्या दिवशी यायचा होता. ते गृहस्थ आले, त्यांचे मेहुणे आले, पलीकडच्या तंबूतले दोन मल्याळी आले, चाळणी घेऊन एक मुलगा आला. सगळे ओणवे होऊन वाळू उपसू लागले. “इधर मत देखो, इधर मैंने देखा है,” असं मी किड्याभोवती फिरत ओरडत होतो, त्यामुळे सगळ्यांचा संशय नेमका तिथेच बळावला. कॅमेऱ्यापुढे एक चप्पल येऊन स्थिरावली.

तेवढ्यात मुलगा ओरडला. किल्ली सापडली होती. गंजलेली, बोटाच्या पेराएवढी, कुठल्या तरी पेटीच्या कुलपाची.

“यही है ना?”

“यही,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? टाळ्या झाल्या. ती किल्ली छातीशी धरून मी गाडीकडे निघालो आणि अख्खा जमाव निरोप द्यायला मागे आला. गाडीचं इंजिन चालू होतं. काच खाली करून बायकोने विचारलं, “झाला का किडा?”

घरी फोटो कॉम्प्युटरवर घेतले. पहिले काही उत्तम होते. पुढच्या गडबडीत माझ्या मुठीतला रिमोट दाबलेलाच राहिला होता. पाचपटीला चौकट सात मिलीमीटरची, त्यामुळे चप्पल अशी काही दिसत नव्हती, दिसत होती फक्त शिवण. सॉफ्टवेअरने भेदभाव न करता दोन्ही जोडलं. डोळे किड्याचे, अंग चामड्याचं, त्यावर दुहेरी टाके, आणि फोकस इकडून तिकडे कडक.

मी तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. कोल्हापूरच्या मावशीचं उत्तर लगेच आलं. “किडा गोड आहे रे. पण कशिदा कुणी केलाय?”