विलायती मालाचे शेठ

बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासारला सिंदफणेच्या काठी युरोपातली चित्रं विकत मिळतात असं कुणी सांगितलं, तर मुंबईची मंडळी हसतील. बरोबरच आहे, चित्रं मिळत नाहीत. ती विकणारा माणूस मात्र मिळतो.

गाव त्याला शेठ म्हणतं. धंद्याची सुरुवात तांब्या-पितळेच्या मोडीतून झाली. एकदा एका गढीतून घंगाळाबरोबर भिंतीवरची तसबीरही आली आणि तिने घंगाळापेक्षा जास्त पैसे मिळवून दिले. तेव्हापासून शेठ 'आर्ट'मध्ये आहेत. दुकान नाही. मोटारसायकल, जुनी चादर, खिशात भिंग आणि मोबाइलमध्ये लिओनार्दो दा विंची, एवढंच भांडवल.

त्यातलं खरं भांडवल लिओनार्दोचं. 'साल्वातोर मुंदी' हे ख्रिस्ताचं चित्र १९५८ साली लंडनच्या लिलावात अवघ्या ४५ पौंडांना गेलं, कारण तेव्हा ते लिओनार्दोच्या शिष्याच्या हातचं समजलं जात होतं. तेच चित्र खुद्द लिओनार्दोचं म्हणून २०१७ साली न्यूयॉर्कला ४५ कोटी डॉलरला विकलं गेलं. शेठना ही गोष्ट तोंडपाठ आहे. फक्त कुठल्याही एका माणसाला ती पूर्ण सांगायची नाही, हा त्यांचा नेम.

गढीतल्या काकूंना पहिला अर्धा भाग मिळतो. "काकू, ह्या मडमेचं काय करता ठेवून? खुद्द सायबाच्या देशात असली चित्रं पंचेचाळीस पौंडाला गेलीत. तुम्ही फ्रेमचे हजार घ्या." मग भिंग निघतं. "हे ठिपके दिसतेत का? छापील हे सगळं." सबंध व्यवहारात शेठ एवढं एकच वाक्य खरं बोलतात.

दुसरा भाग पुण्याजवळ फार्महाऊस बांधणाऱ्या साहेबांसाठी. तिथे भिंग खिशातच राहतं आणि पंचेचाळीस कोटी बाहेर येतात. "साहेब, निजामाच्या सरदाराकडचा पीस आहे." बीड निजामाच्या राज्यात होतं आणि हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात युरोपातली चित्रं आहेत, हे साहेब मोबाइलवर तपासतात. दोन्ही खरं निघतं. मग तिसरं तपासायचं राहून जातं. शेवटी साहेब एकच शंका काढतात, "सोफ्याला मॅच होईल ना?" शेठ म्हणतात ते उगीच नाही, "चित्र बघणारं गिऱ्हाईक आपल्याला परवडत नाही."

रविवर्म्याची छापील लक्ष्मी हाती लागली, तर शेठ तिलाही जर्मन करतात. तेही पुरतं खोटं नाही. १८९४ साली मुंबईत निघालेला रविवर्म्याचा छापखाना पुढे मळवलीला गेला आणि फ्रित्झ श्लायशर या जर्मन माणसाने तो विकत घेतला. लक्ष्मीचं माहेर मळवली असलं, तरी सासर जर्मन ठरतं.

चित्राचं वयही समोरचा माणूस बघून ठरतं. काकूंकडे वीस-पंचवीस वर्षं, साहेबांकडे दोनशे, आणि कुणी कायद्याचा विषय काढलाच तर नव्व्याण्णव. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षं जुनं चित्र पुरावस्तू ठरतं. त्याच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ते विकायला देशाबाहेर नेता येत नाही. परवाना काढण्यापेक्षा एक वर्ष कमी करणं शेठना सोयीचं पडतं.

त्यांच्या स्वतःच्या घरात भिंतीवर विलायती काहीही नाही. एक कालनिर्णय आणि संत भगवानबाबांची तसबीर. तिचा भाव कुणी गमतीने विचारला तरी त्यांना खपत नाही. किंमत कशाला म्हणतात हे या माणसाला पक्कं कळतं. आपण मात्र त्याला भाव विचारत बसतो.

तुमच्या माळ्यावर एखादी जुनी मडम धूळ खात असेल, तर शेठ आज ना उद्या दारात येतीलच. चहा जरूर पाजा. भिंग मात्र आपलं घरचं ठेवा, आणि गोष्ट १९५८ वर थांबली की पुढचं साल विचारा.