स्पेनमार्गे लोणार

दक्षिण युरोपात पक्षी पाहायला कुठं जावं, हे चिखलीच्या आमच्या साडूभाऊंना विचारावं. न विचारलं तरी चालतं. मुलाला माद्रिदला नोकरी लागली, हे दोघं तिकडं राहून आले, आणि तेव्हापासून बोलणं सोयाबीनच्या भावावर असलं तरी ते फुएन्ते दे पिएद्राला येऊन पोचतं. हे मालागा प्रांतातलं खारं तळं. तिथं फ्लेमिंगो हजारोंनी घरटी करतात, आणि तळं आटू लागलं की चारा शोधायला पार दोन्यानाच्या दलदलीपर्यंत, शंभरावर किलोमीटर उडत जातात.

"आन् यांना कोपऱ्यावरून दूध आणा म्हटलं तं गुडघा दुखते," ही साळीची पुरवणी. साडूभाऊंच्या प्रत्येक वर्णनाला अशी पुरवणी असतेच. मी मूळ मजकूर ऐकतो तो तिच्यासाठीच.

त्यांचं दुसरं प्रकरण मोनफ्राग्वे राष्ट्रीय उद्यानाचं. रस्त्याच्या कडेला उभं राहायचं. खाली ताहो नदी, समोर कडा, कड्यावर गिधाडांची घरटी. "मान वर करायची गरजच नाही हो, गिधाड आपल्या डोळ्यांसमोरून जातं!"

"चार तास उभं केलं, भाऊजी. चहा नाही, काही नाही. शेवटी गिधाडंच आमच्याकडं आशेनं पाहू लागली."

हसून झालं, पण या एका पक्ष्यापुरतं साडूभाऊंचं विमानभाडं मला मंजूर आहे. आमच्या लहानपणी गावाबाहेर ढोर टाकलं की गिधाडांची पंगत बसायची, आणि आम्ही नाक दाबून पळायचो. मग गुरांना डायक्लोफेनॅक टोचू लागले. ते औषध अंगात असलेलं मेलेलं जनावर खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. 2006 साली गुरांसाठी त्यावर बंदी आली, तोवर गावोगावच्या पंगती उठल्या होत्या. जे फुकट दिसायचं, ते बघायला आता व्हिसा लागतो.

बाकी पक्ष्यांचा हिशेब मात्र लोणारला झाला. थंडीचे दिवस होते, मेहकरपर्यंत गाडीच्या काचा खाली करायची कुणाची हिंमत नव्हती. साडूभाऊंच्या अंगात माद्रिदहून आणलेलं जाकीट. त्याला इतके खिसे, की गाडीची किल्ली शोधण्यातच अर्धा तास गेला.

काठावर उभं राहिलं की लोणार बोलती बंद करतं. उल्केनं काळ्या कातळात पाडलेला खड्डा, तोंडाशी पावणेदोन किलोमीटरच्या वर रुंद, आणि तळाशी ते खारट, अल्कधर्मी पाणी. साडूभाऊंची बोलती मात्र सुरूच. "अगदी फुएन्ते दे पिएद्रा! फक्त फ्लेमिंगो नाहीत."

ते इथंही कधीमधी उतरतात, पण त्या दिवशी नव्हते हे खरं. म्हटलं, 2020च्या जूनमध्ये अख्खं तळंच गुलाबी झालं होतं. खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांचा तो प्रताप, असं पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासून सांगितलं. फ्लेमिंगोचा गुलाबीपणाही खाण्यातल्या तसल्याच रंगद्रव्यांतून येतो. म्हणजे रंग आम्ही भिजवून ठेवला होता, पक्षीच लग्नघटिका चुकले. त्याच वर्षी तळं पाणथळ जागांच्या रामसर यादीतही गेलं. यादी म्हटल्यावर साडूभाऊ जरा नरमले.

खाली झाडीतून उतरू लागलो तशी टिटवीनं साऱ्या विवराला वर्दी दिली. काठच्या उथळ पाण्यात शेकाटे उभे होते: काळे पंख, पांढरं पोट, आणि जन्मभर उधार आणल्यासारखे लांब गुलाबी पाय. साडूभाऊंनी दुर्बीण लावली आणि लगेच खाली घेतली. "हे स्पेनमध्ये झालेत."

हुदहुद तुरा उघडून जमीन टोकरत होता. "झालाय." टिबुकलीनं बुडी मारली. "झाली." पलीकडं चक्रवाकांची जोडी दिसली. हिमालय ओलांडून लडाख-तिबेटकडून आलेले पाहुणे. त्यांच्यावर साडूभाऊ थबकले, खिशातून वही काढली, चाळली, आणि मोठ्या मनानं नोंद केली.

"तीन लाख खर्चून पाह्यलं ते सगळं इथंच होतं म्हणा की," साळी कमळजादेवीच्या पायरीवर डबा उघडत म्हणाली. भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत. चौथ्या घासाला साडूभाऊंनी स्पेनचं नाव काढणं थांबवलं.

उल्केला खाली यायला निमिष लागलं असेल, आम्हाला वर यायला दुपार लागली. वर चहाच्या टपरीवर त्यांनी कॅमेऱ्यात शेकाटे दाखवले. चहावाल्यानं वाकून पाहिलं. "हे व्हय? हे तं रोजचेच हायेत. तुम्ही कुठून आले?"

"चिखलीहून."

"मंग इतका दम कायले लागला?"

परतीच्या वाटेवर साडूभाऊंनी आपल्याच जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्याची बढाई स्वतःहून मारली. यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला वाघ 2019 साली तेराशे किलोमीटर चालून तिथं पोचला होता.

"बायको शोधत आला होता म्हणे," मी म्हटलं.

"हे मला पाहायला आले तेव्हा देऊळगाव राजाहून जीपनं आले होते," मागून पुरवणी आली. "ते जाऊ द्या. फ्लेमिंगोच पाह्यचे तं पैठण कायले वाईट? जायकवाडीवर उतरतात. नाथांचं दर्शन होते. आन् पैठणीची दुकानं समोरच हायेत."

साडूभाऊ बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी हळूच विचारलं, "तिकडून माद्रिद किती पडेल हो?"